डोंगरातून धक्क्याकडे : दक्षिण वेल्सची बंदरं आणि जुने कारखाने

शुक्रवार – मर्थर टिडव्हिल

कार्डिफला आलेला पाहुणा आधी खाडीकडे जातो. मी उलट्या दिशेची गाडी धरली. दक्षिण वेल्सची बंदरं का उभी राहिली हे समजून घ्यायचं असेल, तर आधी वर डोंगरात जावं आणि माल जसा खाली आला तसं आपणही खाली यावं, असं माझं ठाम मत आहे. लोखंडाचं खनिज, दगडी कोळसा, चुनखडी आणि वाहतं पाणी मर्थरच्या आसपास एकमेकांना खेटून सापडलं, आणि समुद्र तिथून जेमतेम पंचवीस मैल. पुढचं सगळं त्या उतारावर घडलं.

माझी मावसबहीण कार्डिफमध्ये राहते. स्टेशनवर सोडताना ती म्हणाली, "अरे, लोक इथे किल्ले बघायला येतात, आणि तू भट्ट्या बघायला निघालास?"

"किल्लाही बघणार आहे, ताई. भट्टीवाल्याने बांधलेला."

टॅफ नदीच्या काठाने गाडी तासाभरात वर पोचते. आज मर्थर हे मध्यम आकाराचं, थोडं थकलेलं गाव वाटतं. पण १८०१ च्या जनगणनेत इथे साडेसात हजारांहून जास्त माणसं होती, आणि त्याच जनगणनेत कार्डिफची वस्ती होती १,८७०. वेल्सचं सगळ्यात मोठं गाव हे, आजची राजधानी कार्डिफ नव्हे. डाउलिस (१७५९), प्लिमथ (१७६३), कव्हार्थव्हा (१७६५) आणि पेनीडॅरेन (१७८४) असे चार लोखंडाचे कारखाने एकाच खोऱ्यात पेटले होते. कव्हार्थव्हात तोफा ओतल्या जात. १८०२ मध्ये ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन खुद्द तो कारखाना बघायला आला होता.

कारखान्याचे मालक क्रॉशे. त्यांचा कव्हार्थव्हा कॅसल १८२५ साली बांधून झाला. बुरूज आहेत, पण लढाईशी त्याचा काही संबंध नाही. आता आत संग्रहालय आहे. गवताच्या उतारावर उभं राहिलं की नदीपलीकडे जुन्या भट्ट्यांची दगडी रांग दिसते. मालकाने घर असं बांधलं की खिडकीतून आपला कारखाना पेटलेला दिसावा. मुंबईच्या गिरणीमालकांनी घरं बांधली ती गिरण्यांपासून दूर, समुद्राकडे तोंड करून. इथला मालक धुराकडे तोंड करून राहिला. त्यातला अभिमान मला कळतो. पण त्याच धुराखाली कामगारांची दाटीवाटीची वस्ती होती, आणि १८४९ च्या पटकीत या गावात हजारावर माणसं गेली.

१८३१ च्या जूनमध्ये मर्थरचे कामगार उठले. मजुरी कापलेली, कर्जापायी घरातलं सामान उचलून नेलेलं. सैन्याने गोळीबार केला, किमान सोळा जण मेले. एका शिपायाला जखमी केल्याच्या आरोपावरून रिचर्ड लुईस या तेवीस वर्षांच्या खाणकामगाराला १३ ऑगस्टला कार्डिफमध्ये फाशी दिलं. लोक त्याला डिक पेंडेरिन म्हणतात. पुढे १८७४ मध्ये अमेरिकेत मरणाच्या दारात असलेल्या एका माणसाने तो वार आपण केल्याची कबुली दिली, असं इथे सांगतात.

परतताना क्वेकर्स यार्डला उतरून अबरकननपर्यंत चाललो, आणि आजच्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं मला तिथे मिळालं. झाडीतून जाणारी साधी पायवाट आहे. तिच्यात मध्येच चौकोनी दगड पुरलेले दिसतात आणि दगडात बोटभर रुंदीचं भोक. मी बसून बोट घालून पाहिलं, आत शेवाळ आणि पावसाचं पाणी. या भोकात लाकडी खुंटी ठोकायची, खुंटीत लोखंडी खिळा, आणि खिळ्याने बिडाची पट्टी दगडाला धरून ठेवायची. दोन्ही बाजूंचे दगड वेगवेगळे, मध्ये आडवे स्लीपर नाहीत, कारण मधून घोडा चालायचा. कारखान्याचं लोखंड या ट्रॅमरोडवरून अबरकननच्या कालव्यापर्यंत येई आणि तिथून बोटीने कार्डिफला. तो कालवा १७९४ मध्ये सुरू झाला. वरून खाली साडेपाचशे फुटांचा उतार, त्यासाठी पन्नासएक लॉक, म्हणजे बोट टप्प्याटप्प्याने उतरवणारे दरवाजांचे हौद.

याच वाटेवर २१ फेब्रुवारी १८०४ ला रिचर्ड ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं ओढत आलं. पेनीडॅरेन कारखान्याचा मालक होमफ्रे याने क्रॉशेशी पाचशे गिनींची पैज लावली होती. नऊ मैलांना चार तास पाच मिनिटं लागली, कारण वाटेत झाडं तोडावी लागली, दगड बाजूला करावे लागले. इंजिन जिंकलं आणि वाट हरली. घोडागाडीसाठी ओतलेल्या बिडाच्या पट्ट्या इंजिनाच्या वजनाने मोडू लागल्या. रुळांवर धावलेलं जगातलं पहिलं वाफेचं इंजिन इतक्या अरुंद वाटेवरून गेलं हे तिथे उभं राहूनच पटतं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला त्यानंतर एकोणपन्नास वर्षं होती.

या मार्गावर अबरव्हॅनही लागतं. सकाळी जाताना तिथे उतरलो होतो. टेकडीवरच्या दफनभूमीत पांढऱ्या कमानींची लांब रांग आहे. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं होती. ढीग झऱ्यावर रचला होता. इथे एकेक नाव वाचत हळू चालावं, एवढंच मी सांगेन.

शनिवार – ब्लायनॅव्हन

इथे आगगाडी जात नाही, म्हणून भाऊजींनी गाडी काढली. गावाभोवतालच्या सगळ्या परिसराला २००० साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 'बिग पिट' ही कोळशाची खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ पासून लोकांना बघायला खुली आहे.

खाली उतरण्याआधी फोन, घड्याळ, काड्यापेटी, बॅटरीवर चालणारी कुठलीही वस्तू काढून घेतात. एका ठिणगीने वायू पेटू शकतो, हे कारण वाटाड्याने आम्हाला नीट समजावलं. डोक्यावर हेल्मेट आणि दिवा, कमरेच्या पट्ट्याला दिव्याची जड बॅटरी. पाळणा नव्वद मीटर खाली जातो. आमचा वाटाड्या स्वतः खाणीत काम केलेला होता. छत कुठे बुटकं आहे हे तो न बघताच सांगत होता.

एका लाकडी दारापाशी तो थांबला. हवा योग्य वाटेने फिरावी म्हणून अशी दारं बंद ठेवावी लागत. कोळशाची गाडी आली की उघडायची, गेली की लावायची. हे काम लहान मुलं करत. सहा-सात वर्षांची मुलं दिवसभर अंधारात दोरी धरून बसत. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना आणि सगळ्या स्त्रियांना जमिनीखाली काम करायला बंदी केली. मग त्याने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. डोळ्यापुढे हात धरला तरी हात दिसत नाही. थोड्या वेळाने भाऊजी हलकेच म्हणाले, "दिवा लावा म्हणावं त्यांना." त्यांचा धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे.

खाली घोड्यांचे तबेलेही आहेत. घोडे जमिनीखालीच राहत. वर १९३९ साली बांधलेली न्हाणीघरं आहेत. एका बाजूला घरच्या कपड्यांचे लोखंडी कप्पे, दुसऱ्या बाजूला खाणीतल्या कपड्यांचे, मध्ये शॉवर. त्याआधी पुरुष काळ्या अंगाने घरी येत आणि चुलीपुढे टपात अंघोळ करत. ते पाणी तापवायचं आणि ओतायचं काम बायकांचं. न्हाणीघराने खाणीइतकंच घरही बदललं, असं मला वाटतं. संग्रहालयाने याला चांगली जागा दिली आहे.

जवळच ब्लायनॅव्हनचा लोखंडाचा कारखाना आहे, १७८९ चा. भट्ट्या डोंगराच्या कड्याला टेकवून बांधल्या आहेत, कारण खनिज, कोक (भाजलेला कोळसा) आणि चुनखडी वरूनच तोंडात टाकता येते आणि वितळलेलं लोखंड तळाशी काढता येतं. पण लोखंड वर न्यायचं कसं? १८३९ मध्ये त्यांनी पाण्याच्या वजनावर चालणारा उंच मनोरा बांधला. एका बाजूच्या टाकीत वर पाणी भरायचं, ती जड होऊन खाली जाई आणि दुसऱ्या बाजूचा भरलेला डबा वर येई. खाली पाणी सोडून दिलं की टाकी हलकी. इंधन शून्य. वेल्समध्ये पाऊस फुकट मिळतो, आणि त्या माणसांनी तो कामाला लावला. मी या मनोऱ्याखाली बराच वेळ काढला.

फॉस्फरस असलेल्या खनिजापासून चांगलं पोलाद करण्याची रीत सिडनी गिलख्रिस्ट टॉमस आणि त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी १८७८ च्या सुमारास इथेच सिद्ध केली. तिचा मोठा फायदा झाला जर्मनीला आणि अमेरिकेला, कारण तसलं खनिज त्यांच्याकडे भरपूर होतं. इथल्या धंद्याला स्पर्धक त्यातून उभे राहिले.

रविवार – कार्डिफची गोदी

आज ताईला सुट्टी. तिला मी आधी बॅरेजवर घेऊन गेलो. खाडीच्या तोंडावरचा हा बांध १९९९ मध्ये पूर्ण झाला. आत दोनशे हेक्टरांचं गोड्या पाण्याचं शांत तळं, बाहेर ब्रिस्टल चॅनेल. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. एका बाजूला पाणी काठोकाठ, दुसऱ्या बाजूला खोल खाली चकाकणारा चिखल. इथली भरती-ओहोटी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, दोन पातळ्यांत बारा मीटरपर्यंत फरक पडतो. मुंबईत तो चार-पाच मीटर असतो.

दक्षिण वेल्सच्या बंदरांचं सगळं रहस्य या चिखलात आहे. उघड्या धक्क्याला जहाज लावलं तर सहा तासांनी ते चिखलात बसणार. म्हणून पाणी आत कोंडून धरणारी, दरवाजांची गोदी हवी. ती बांधायला प्रचंड पैसा लागतो, आणि तो घालण्याची ऐपत आणि गरज दोन्ही ज्याच्याकडे होती तो माणूस म्हणजे ब्यूट घराण्याचा सरदार, दुसरा मार्क्विस. इथली जमीन त्याची, वरच्या खोऱ्यांतल्या कोळशाची रॉयल्टी त्याची. १८३९ मध्ये त्याची गोदी उघडली आणि १८४१ मध्ये मर्थरहून रेल्वे आली. ती आखली होती इंजिनिअर ब्रुनेलने.

१८३९ हे साल मुंबईच्या माणसाने लक्षात ठेवावं. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई सरकारच्या फौजेने एडन घेतलं, ते आगबोटींना कोळसा भरायला ठाणं हवं म्हणून. पुढे एडनच्या वखारींत वेल्सचा कोळसा रचला जाऊ लागला. हा कोळसा धूर कमी करतो आणि उष्णता जास्त देतो, म्हणून ब्रिटिश आरमाराचीही याच्यावर भिस्त होती. बंगालचा कोळसा स्वस्तात मिळू लागेपर्यंत मुंबई बंदरातही विलायती कोळसा उतरत असे. माझगावच्या धक्क्याजवळ वाढल्यामुळे मला ही नाळ जवळची वाटते. कार्डिफची क्वीन अलेक्झांड्रा डॉक १९०७ ची, मुंबईची अलेक्झांड्रा डॉक १९१४ ची. दोन्हींना एकाच राणीचं नाव, दोन्ही दरवाजांच्या, आणि दोन्हींत आजही जहाजं लागतात. आपल्याकडच्या गोदीला आता इंदिरा डॉक म्हणतात.

लाल टेराकोटाची पिअरहेड इमारत १८९७ ची आहे. तिच्यावर वेल्श भाषेत 'पाण्याने आणि अग्नीने' असं ब्रीद कोरलंय. समोरचं गोलाकार मैदान म्हणजे बुजवलेल्या गोदीचं तोंड. पलीकडे पांढरं नॉर्वेजियन चर्च. खाणीत छताला आधार द्यायला लाकडी टेकू लागत, ते नॉर्वेची जहाजं आणत आणि कोळसा घेऊन जात. त्यांच्या खलाशांसाठी हे चर्च १८६८ मध्ये उभं राहिलं. लाकूड आलं नसतं तर कोळसा निघाला नसता, आणि तेच लाकूड आणणाऱ्यांची खूण आज शहराची शोभा झाली आहे.

मागे ब्यूटटाउन, जुनं टायगर बे. सोमाली, येमेनी, कॅरिबियन, नॉर्वेजियन, माल्टीज अशा पन्नासच्या वर देशांची माणसं इथे राहिली. हिंदुस्थानी खलाशीही या बंदरात उतरत. रत्नागिरीकडच्या किती घरांतून माणसं विलायती बोटींवर गेली हे कोकणात सांगायला नको. पण १९१९ च्या जूनमध्ये याच वस्तीवर गोऱ्या जमावाने हल्ले केले, माणसं मारली गेली. जहाजांच्या पोटात कोळसा ओढणारे हात युद्धात चालले, युद्ध संपल्यावर नोकरीत नकोसे झाले.

ताई इतकी वर्षं या रस्त्यावरून कामाला जाते. ती म्हणाली, "मला वाटायचं इथे सगळं नवंच आहे."

संध्याकाळी सेंट मेरी स्ट्रीटवर मार्केटच्या दाराशी डिक पेंडेरिनची पाटी पाहिली. जुना तुरुंग इथे होता. फाशीच्या फळीवर 'देवा, हा अन्याय आहे' असं तो वेल्शमध्ये म्हणाला, असं सांगतात. खाली भाजी घेऊन जाणारी माणसं पाटीकडे न बघता येत-जात होती. मी ताईला पाटी वाचून दाखवली, परवाच्या मर्थरची गोष्ट तिथेच पूर्ण झाली.

सोमवार – बॅरी

अर्ध्या दिवसाचं काम. कार्डिफच्या गोदीत गर्दी आणि दर दोन्ही वाढले, तेव्हा डेव्हिड डेव्हिस आणि इतर खाणमालकांनी स्वतःचं बंदरच बांधलं. १८८९ मध्ये ते सुरू झालं. १९१३ मध्ये इथून एक कोटी दहा लाख टन कोळसा गेला, कार्डिफपेक्षाही जास्त. गोदीच्या कचेरीपुढे डेव्हिसचा पुतळा आहे. भाषण देणारा नाही, नकाशा उलगडून बघणारा. आयुष्याची सुरुवात त्याने लाकूड कापण्याच्या कामाने केली होती. मला हा पुतळा फार आवडला.

वाफेची इंजिनं मोडीत निघाली तेव्हा ती बॅरीच्या भंगार आवारात आली. त्यांतली २१३ हौशी लोकांनी विकत घेऊन वाचवली. ब्रिटनमध्ये आज धावणारी कितीतरी जुनी इंजिनं इथूनच परत गेली आहेत.

मंगळवार – स्वान्सी

इथे गोष्ट बदलते, कारण स्वान्सी तांब्याचं. टावे नदीकाठी पहिला तांब्याचा कारखाना १७१७ मध्ये निघाला, मग १७३७ मध्ये व्हाइट रॉक, १८१० मध्ये व्हिव्हियन घराण्याचा हाव्होड. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधलं बहुतेक सगळं तांबं या शहराभोवती गाळलं जात होतं. जवळपास तांब्याची खाण नाही. मग इथेच का?

तांबं गाळायला खनिजापेक्षा कोळसा कितीतरी जास्त लागतो. कोळसा खनिजाकडे नेण्यापेक्षा खनिज कोळशाकडे आणणं स्वस्त. स्वान्सीचा कोळसा तर नदीच्या काठावर, आणि समुद्रापलीकडे कॉर्नवॉलची तांब्याची खाण. जहाज खनिज घेऊन येई, आणि कॉर्नवॉलच्या खाणींतलं पाणी उपसणाऱ्या वाफेच्या पंपांसाठी कोळसा घेऊन जाई. जहाज कुठल्याच बाजूने रिकामं जात नाही. कार्डिफला तसं नव्हतं, तिथे माल बहुतेक एकाच दिशेने जाई. म्हणून मला स्वान्सीचा व्यापार जास्त हुशारीचा वाटतो. पुढे खनिज क्यूबाहून आणि चिलीहून येऊ लागलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालणाऱ्या इथल्या खलाशांचा दबदबा होता.

हाव्होड आणि शेजारच्या मोर्व्हा या कारखान्यांच्या आवारात इंजिनघरं आणि चिमण्या उभ्या आहेत, आणि एका जुन्या इमारतीत २०२३ पासून व्हिस्कीची डिस्टिलरी चालते. माझं लक्ष मात्र भिंतींवर. भिंतीच्या माथ्यावर काळेशार ओतीव ठोकळे बसवलेत. तांबं काढल्यावर उरलेली मळी साच्यात ओतून ते केलेले. एक सुटा पडलेला उचलायला गेलो तर दोन हात लागले. ऊन पडलं की मोडलेल्या कडेवर जांभळट, काचेसारखी झाक दिसते. गावातल्या कुंपणांवरही हेच ठोकळे आहेत.

या धंद्याची दुसरी बाजूही इथे लिहून ठेवलेली आहे. तांब्याच्या धुराने खोरं उजाड केलं. गवतसुद्धा उगवेना. जमीन साफ करून झाडं लावण्याचा मोठा प्रकल्प १९६१ मध्ये सुरू झाला आणि आज दिसणारी किल्व्हे टेकडीवरची हिरवळ त्यानंतरची आहे. इथलं तांबं आणि पितळ गुलामांच्या व्यापारात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोबदला म्हणून दिलं जाई. क्यूबातल्या ज्या खाणीतून खनिज येई तिथे गुलाम राबत. हे फलकांवर स्पष्ट लिहिलं आहे, त्याबद्दल मी त्यांना मानतो.

हिंदुस्थानशी नातंही सरळ आहे. ईस्ट इंडिया कंपनी ब्रिटिश तांब्याची मोठी गिऱ्हाईक होती, आणि ते तांबं कंपनीच्या जहाजांतून मुंबई-सुरतेला उतरत असे. हंडे, घागरी, पैसे, जहाजाच्या तळाला ठोकायचे पत्रे, आपल्याकडे तांब्याच्या मागणीला कधीच तोटा नव्हता. माझ्या आजीच्या घरचा बंब मला इथे आठवला.

बुधवार – पोर्ट टॅल्बट

परतीची गाडी पोर्ट टॅल्बटवरून जाते. मी मुद्दाम उतरलो. स्टेशनबाहेरच्या पुलावरून कारखाना दिसतो, आणि दोन झोतभट्ट्या ओळखू येतात. टाटांनी २००७ मध्ये कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली तेव्हा हा कारखाना मुंबईच्या कंपनीकडे आला. शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झाली. खनिजापासून लोखंड काढण्याचा मर्थरमध्ये पेटलेला सिलसिला वेल्समध्ये तिथे थांबला. दोन हजारांहून जास्त नोकऱ्या गेल्या. आता भंगार वितळवणारी विजेची भट्टी उभी राहते आहे.

चहाच्या दुकानात मी कुठून आलो हे कळल्यावर शेजारच्या आजोबांनी थोडा वेळ काहीच म्हटलं नाही. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्यांच्या घरच्या तीन पिढ्या या कारखान्यात गेल्या. कुणाला दोष द्यावा हे ते ठरवून बसले नव्हते. तोट्याचे आकडे त्यांना माझ्यापेक्षा नीट पाठ होते. गावातल्या पोरांनी आता कुठे जावं हा त्यांचा एकच प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथलं खोल पाण्याचं बंदर १९७० मध्ये खनिजाची अजस्र जहाजं लागावीत म्हणून बांधलं. विजेची भट्टी सुरू होईपर्यंत रोलिंग मिल चालू ठेवायला पोलादाच्या लाद्या बाहेरून येतात, नेदरलँड्समधून आणि भारतातूनही.